सकलैनची पाटी

देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागे सकलैनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस महाखडूस. पण दहा वर्षांत कुणाची एक फाइल त्याच्या हातून गेली नव्हती, आणि हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता ऐकवायचा.

डिस्क जोडल्या की यंत्र त्यांना आपल्या मनानं नावं देतं. आधी सापडली ती एसडीए, मग एसडीबी, मग एसडीसी. "हे काही डिस्कचं नाव नाही बे, रांगेतला नंबर हाय," असं सकलैन सांगायचा. खरी ओळख म्हणजे डिस्कवर छापलेला लांबलचक क्रमांक. तो जुळवायचा आणि मग कशावरून कशावर कॉपी करायची ते पाटीवर खडूनं लिहायचं, ही त्याची शिस्त; कारण ही कॉपी अख्ख्या डिस्कची होते आणि जिच्यावर होते तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. एकदा लिहिलं की काळ्या दगडावरची रेघ, पुन्हा विचार नाही.

त्या साली बीटी कपाशीत गुलाबी अळी शिरली. बियाणं कंपनी म्हणाली, पुरावा दाखवा. दुसरबीडकडच्या भिमाबाईनं त्रेसष्ट जणांची तक्रार एकत्र केली. सकलैननं कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला, आठ दिवस वावरं तुडवली आणि किडकी बोंडं फोडून फोटो काढले. सगळे एका जुन्या डिस्कवर टाकले, कॅमेऱ्यातले पुसून कॅमेरा परत केला. आता उद्याच्या सुनावणीत जमा करायला कॉपी हवी होती.

भिमाबाई बाकावर बसली होती. सकलैननं जुनी डिस्क लावली, तसलीच कोरी करकरीत लावली, क्रमांक जुळवले. एसडीए यंत्राची स्वतःची, जुनी एसडीबी, नवी एसडीसी. पाटीवर लिहिलं: बीवरून सीवर. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसनं तर केव्हाच मान टाकली होती.

तासाभरानं लाइट आली. यंत्र सुरू झालं, आणि त्यानं डिस्कांची मोजणी नव्यानं केली. जुनी डिस्क फिरायला वेळ घेत होती. नवी आधी सापडली, ती एसडीबी झाली. जुनी मागे राहून एसडीसी.

सकलैननं पाटीकडे पाहिलं. क्रमांक एकदा बघितले होतेच की! पाटीवरचं जसंच्या तसं टाइप केलं आणि बटण दाबलं. दोन्ही डिस्कांचे दिवे लुकलुकू लागले. भिमाबाईनं डबा सोडला, त्यालाही अर्धी भाकरी दिली. तीन तास दुकानात बारीक घरघर चालू होती. ती ऐकताना त्याला बरं वाटत होतं, हे आठवलं की आजही त्याच्या अंगावर काटा येतो.

काम संपलं. नवी डिस्क उघडली, रिकामी. जुनी उघडली, तीही रिकामी. मग त्यानं क्रमांक पाहिले. कोरी डिस्कच जुनीवर उतरली होती.

"मावशी, फोटो गेले. माह्या हातानं गेले." मग घाईनं म्हणाला, "एखादं वावर उभं हाय का अजून? आत्ता जाऊ, पुन्हा काढू."

"माहं होतं," भिमाबाई म्हणाली. "अर्धा एकर ठेवलं होतं, साहेबाले दाखवाले. काल तूच फोनवर म्हणला ना, फोटो पक्के हायेत, भ्यायचं काम नाही. सकाळी ट्रॅक्टर घातला."

ती उठली, पदर खोचला.

"चाल, गाडी काढ. त्या त्रेसष्ट लोकाईले हे तूच सांग."