नवरंगाचा पाला

नाकाडोंगरीच्या रानालगत शकुनबाईच्या बांधावर मोहाची झाडं आहेत. फुलं पडायच्या आधी खालचा पाला काढावा लागतो, नाहीतर फुलं सापडत नाहीत. गावात बहुतेक जण काडी लावतात. शकुनबाई खराट्याने झाडते. साठी ओलांडली, तरी वाकून. मी चिखल्याच्या खाणीत जन्मभर फावडं मारलं. हे काम कमरेला किती लागतं ते मला ठाऊक आहे.

ती झाडते नवरंगासाठी. बांधाखाली नाल्यात दाट झुडपं आहेत. पावसाच्या तोंडावर ते पाखरू तिथे येतं. पाठ हिरवी, पोट पिवळसर, पंखावर निळा ठिपका, बुडाशी लाल, डोळ्यावरून काळा पट्टा. शेपूट मात्र तोकडी. सकाळ-संध्याकाळ शीळ घालतं, बाकी दिवसभर जमिनीवर टुणटुण उड्या मारत पाला उलटून किडे वेचतं. घरटंही काड्या-पाल्याचंच. म्हणून शकुनबाई झाडलेला पाला टोपल्याने नेऊन झुडपांत टाकायची.

गेल्या वर्षी शेजारच्या तुलारामने आपल्या मोहाखाली काडी लावली आणि जेवायला घरी गेला. वारा फिरला. आग बांध ओलांडून त्याच पाल्यात शिरली. तिने साठवलेल्या पाल्यानेच झुडपं जाळली.

"काहून रे तुलाराम, खराटा धराले हात झिजतात का तुहे?"

"मावशी, पाखराले पंख हायेत. जाईन दुसरीकडं."

"तुले पाय हायेत ना? आग इझवाले काहून नाही आला मंग?"

तो हसला. आग लावून आगीजवळ उभं न राहणं याला मी नुसती चूक म्हणत नाही. ही कामचुकारी आहे. खाणीत असा माणूस आम्ही पाळीत घेतला नसता.

त्या पावसाळ्यात नवरंग आला, काळ्या जमिनीवर थोडा फिरला आणि गेला. शीळ नाल्याच्या वरच्या अंगाने ऐकू येत राहिली. शकुनबाई उन्हापावसात माझ्या परसातल्या बांबूखालचा पाला वाहत राहिली. झुडपं पुन्हा फुटली.

यंदा मोहाच्या आधी पाहतो तर ती तुलारामच्या झाडांखाली झाडत होती. आणि तो बांधावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"मावशी हौसेनं करून राहिली, भाऊ," तो म्हणाला.

मी तिच्या हातून खराटा घेतला आणि त्याच्या हातात दिला. त्याने वरवर झाडलं. मी पुन्हा झाडायला लावलं, मुळांजवळचंही. मग टोपलं त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"कोठी टाकू?"

"झुडपात," शकुनबाई म्हणाली. "आन् फेकू नोको. पसर."

नवरंग येतो का ते पावसाच्या तोंडावर कळेल. तोवर तुलारामची काडीपेटी माझ्या खिशात आहे.