झाली नव्हे, केली

आमच्या बाईंना जन्म आणि मृत्यू दोन्ही चालत नसत. मुलुंडच्या आमच्या मराठी शाळेत सकाळच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार झाला की एकाने पुढे येऊन आजचा दिनविशेष वाचायचा. या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, ते. अमुक यांची जयंती, तमुक यांची पुण्यतिथी म्हटलं की बाकीच्या वर्गांचं भागायचं. सातवीत माझी पाळी आली तेव्हा मीही एक जन्म घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "जन्माला येण्यात त्यांचं काय कर्तृत्व? कळा आईने सोसल्या. आईचं नाव आणलंयस? नाही ना? मग बस खाली." अख्खं मैदान हसलं. त्या दिवशी ही बाई मला अजिबात आवडली नाही.

तशा त्या आवडण्यासारख्या नव्हत्याच. आवाज करवतीसारखा, कौतुक शून्य. पाठीमागे आम्ही त्यांना 'कुणीबाई' म्हणायचो, कारण प्रत्येक वाक्याला त्यांचा एकच अडथळा असायचा: कुणी? सोळा एप्रिलला एकजण खणखणीत वाचून गेला, "आज बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली."

"धावली? आपणहून? रूळ कुणी टाकले?"

"बाई, इंग्रजांनी."

"गोऱ्या साहेबाने घमेलं उचललं होतं?"

पुस्तकात उत्तर नव्हतं. बाई म्हणाल्या, "मग तुझा दिनविशेष अर्धाच झाला. बस." वीस जुलैला मात्र 'माणूस चंद्रावर उतरला' ऐकून त्या चक्क खूश झाल्या. "उतरला. कोण? माणूस. हे वाक्य चालेल." चंद्राचं त्यांना काही नव्हतं, वाक्याला कर्ता होता म्हणून आनंद.

आजकाल रोज सकाळी माझ्या मोबाईलवर गुलाबाच्या चित्रासकट दिनविशेष येऊन पडतात. संस्थेची स्थापना झाली, कायदा संमत झाला, गिरण्या बंद पडल्या. सगळं आपोआप! कुणाचा हात लागलेला नाही. पाठवणारा न वाचता पाठवतो, घेणारा न वाचता हात जोडतो. झकास चाललंय.

पुढे मी मराठी शाळा वाचवणाऱ्यांच्या गटात गेले, पत्रकं लिहू लागले. पहिलं पत्रक मोठ्या ऐटीत बाईंना नेऊन दिलं. 'मराठी शाळांची गळचेपी होत आहे!' असा ठळक मथळा. त्यांनी चष्मा वर केला. "गळा दाबणाऱ्याचं नाव घालायला शाई संपली का गं, पत्रकवाले?" मी चडफडत घरी गेले आणि मथळा बदलला.

आणि मग आमच्याच शाळेवर वेळ आली. संस्थेने कागद लावला: 'मराठी विभागाचे समायोजन करण्यात येत आहे.' 'बंद' हा शब्दसुद्धा नाही! शेवटचा दिवस एक मे. ध्वजवंदन, निकालवाटप, वर महाराष्ट्र दिनाचा सोहळा. फेटा बांधून आलेले माजी नगरसेवक माय मराठीवर गहिवरून बोलणार होते. मराठी शाळेला कुलूप लावायचा मुहूर्त या लोकांना तोच मिळाला.

बाईंनी सकाळीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. याच दिवशी लोकांनी लढून महाराष्ट्र मिळवला. याच दिवशी जगभरचे कामगार आपला दिवस पाळतात. आणि याच दिवशी ........ आपली शाळा बंद केली.

संस्थेचे अध्यक्ष धावत आले. "बाई, ही रिकामी जागा कसली?"

"भरायची आहे. परिपाठात."

"अहो, त्यापेक्षा 'बंद झाली' लिहा ना. एका अक्षराचा फरक. मग जागा भरायलाच नको."

"पाऊस पडतो, साहेब. शाळा पाडतात."

"पाडतंय कोण? इमारत तशीच राहणार आहे!"

"हो ना. इंग्रजी विभागाला."

पाहुण्यांसमोर फळा पुसायची त्यांची हिंमत झाली नाही. मी मोबाईल वर धरून तयार. आज संस्थेची वाट लागणार, या खात्रीने.

बाई माईकसमोर आल्या. "जागा भरू या. पहिलं, संस्थेने. आपले चांगले वर्ग इंग्रजीला दिले आणि मग म्हणाले, मुलं येत नाहीत." मी जोरात टाळ्या वाजवल्या.

"दुसरं, तुम्ही पालकांनी."

साकीनाक्याच्या कारखान्यात काम करणारी एक आई मागून उसळली, "बाई, साहेब लोकांची पोरं इंग्रजीत जाणार आणि आमचीच इथे सडवायची का?"

"नका सडवू. पण दाखला काढून नेलात ना? मग तेवढं कबूल करा." बाई पुढे म्हणाल्या, "तिसरं, मी. माझी मुलगी समोरच्या इंग्रजी शाळेत शिकली. सकाळी तिला तिकडे सोडायचे आणि इकडे येऊन तुम्हाला मराठीचा अभिमान शिकवायचे."

माझा मोबाईल हळूहळू खाली आला. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. "काय गरज होती, बाई? आता ते हेच वापरतील!"

"वापरू देत. खरं आहे."

"आमच्या चळवळीचं काय?"

"मला वगळून बाकीच्यांची नावं घ्यायला तुला जमेल, पोरी. मला त्या फळ्यासमोर नाही जमलं."

त्यांनी ते वापरलंच. अध्यक्ष संध्याकाळपर्यंत सांगत फिरत होते, यांची स्वतःची मुलगी बघा. शाळा गेली. बाईंना संस्थेने गोराईच्या शाळेत धाडलं. मुलुंडहून गोराई म्हणजे मुंबईचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं, वर खाडीतली बोट. याला सरळ शिक्षा म्हणतात. निवृत्त होईपर्यंत त्या जात राहिल्या.

हल्ली सभांमध्ये मराठी शाळांसाठी गळा काढणारे पुष्कळ भेटतात. प्राध्यापक असतात, पुढारी असतात, आमच्याच गटातले असतात. मी विचारते, तुमची मुलं कुठल्या शाळेत? मग कुणाच्या बायकोचा हट्ट निघतो, कुणाची बदलीची नोकरी, कुणाच्या घराजवळ 'बरी' मराठी शाळाच नसते. कुणी विचारायच्या आत सांगून टाकणारी मला आजवर एकच भेटली.