भट्टीतली खिरापत

अकोल्यात जठारपेठेतल्या आशाबाईंच्या घरची खिरापत अकरा वर्षांत एकाही पोरीला पुरती ओळखता आली नव्हती. कोजागिरीला भुलाबाईची गाणी संपली, की पोरी झाकलेला डबा कानाशी धरून हलवायच्या. खुळखुळलं तर दाणे, घरंगळलं तर लाडू. या डब्यातून नुसता धप्प आवाज यायचा. आत असायचं बेकरीच्या भट्टीत भाजलेलं भरलं सफरचंद. दुसऱ्या वर्षी पोरी शहाण्या झाल्या, तशा आशाबाई म्हणाल्या, सफरचंद ठाऊक आहे ना, मग आत काय भरलं ते सांगा! तेव्हापासून सारण करताना माणिकबाई स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेऊ लागली. घरच्यांनीही आत यायचं नाही.

माणिकबाई त्या घरची स्वयंपाकीण. कपाशीवर अळी पडली त्या साली ती गावाहून आली, साल-दोन सालांसाठी. नवरा जानराव गावी तीन एकर कोरडवाहू धरून राहिला. कपाशी काही सुधारली नाही, अन् माणिकबाई मागच्या खोलीतच राहिली.

दोन हजार सहाची कोजागिरी चार दिवसांवर आली होती. धारणीला दिलेल्या माणिकबाईच्या लेकीचे, दुर्पताचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेर म्हणजे ही मागची खोली. दुर्पताला सासू नव्हती. म्हणून आईनंच जायचं ठरलं होतं.

"बाई, उद्या निघतो म्हनतो. पोरगी एकटी हाय."

"व माय! अन् कोजागिरीले चाळीस बाया येऊन राहिल्या, त्याईले काय माहं डोस्कं भाजून देऊ?" आशाबाई हसल्या. "पोर्णिमा होऊ दे. मंग महिनाभर राह्य. पोरीचं लुगडं मी देतो."

"पहिलटकरीन हाय. चार दिस मागंपुढं होते."

"पन तुह्याशिवाय जमते कोनाले? तूच सांग ना."

माणिकबाईनं कुणाला शिकवलंच नव्हतं. दार तिनंच लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आशाबाई देवळात गेल्या, तेव्हा माणिकबाईनं त्यांच्या सुनेला, आकांक्षाला आत घेतलं अन् कडी घातली. आकांक्षा अमरावतीची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"पाह्य सूनबाई. चमच्यानं कोरायचं, पन बूड फोडायचं नाही."

खवा झाला, चारोळी, खारीक, जायफळ झालं. मग माणिकबाईचा हात थांबला. सारणाच्या खाली, अगदी बुडाशी, ती भाजलेल्या बेसनाची चिमूट टाकायची. बेसन रस पिऊन घेतं. ते नसलं तर सफरचंद भट्टीत फुटतं. एवढंही देऊन टाकलं, तर मग या घरात आपलं काय उरलं? उद्या खोली तरी राहील का? आकांक्षा वाट पाहत उभी होती. माणिकबाईनं चिमूट तिच्या तळहातावर ठेवली.

"हे इसरू नको बाप्पा."

संध्याकाळी नमुन्याची चार सफरचंदं माणिकबाईनं अन्सारभाऊंच्या बेकरीत स्वतः भाजून आणली. माणिकबाईचं गाठोडं तोवर बांधून झालं होतं. आशाबाईंनी एक खाल्लं. सुनेनं केलं म्हणताच त्यांचा चेहरा उजळला.

"वा सूनबाई! मंग तं झालंच काम. भिशीतल्या बायाईले मी नाही म्हनून राहिलो होतो. आता तुमी दोघी जनी हा. त्याईलेही सांगतो. ऐंशी करा!"

त्या मोबाइल घेऊन अंगणात गेल्या. आकांक्षानं गाठोड्याकडे पाहत हळूच विचारलं, "मावशी, मले काहून शिकवलं तुमी? आता तं तुमचं जानंच राह्यलं."

कोजागिरीच्या दुपारी बेकरीतले पाव निघाले, भट्टी उतरली. त्या उतरत्या आचेत माणिकबाईनं ट्रे सरकवले अन् ती स्टुलावर बसली. जावयाला तिनं या बेकरीचाच फोन देऊन ठेवला होता. तो वाजला. अन्सारभाऊंनी ऐकलं अन् पिठाच्या हातानं रिसीव्हर पुढे केला.

"मुबारक हो, बाई. नानी झाल्या तुमी."

पोरगी झाली होती, पहाटेच. जवळ शेजारीण होती. मग दुर्पताचा बारीक आवाज आला. "माय, रातभर तुलेच बलावलं."

"येतो व माय. येऊन राहिलो."

रिसीव्हर ठेवून तिनं विचारलं, "अन्सारभाऊ, धारणीची गाडी कवा?"

"साडेतीनले. मंग उद्या सकाळीच. रिक्शा बोलावू?"

"अन् हे?"

"मी काढतो ना."

"कवा काढसान?"

अन्सारभाऊंनी भट्टीच्या झाकणाकडे पाहिलं. अकरा वर्षं त्यांनी भट्टी दिली होती. झाकण उघडून पाहायची ती माणिकबाईच. साल नेमकं किती सुरकुतलं की ओढायचं, हे तिच्या डोळ्यांनाच ठाऊक होतं. आकांक्षाला तिनं सगळं शिकवलं, हे तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं. घरात कोरणं आटपून आकांक्षा आता दूध आटवत बसली असणार, अन् ऐंशी बायांना निरोप कधीच गेले होते.

माणिकबाई परत स्टुलावर बसली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले. अन्सारभाऊंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

पावणेचारला तिनं ट्रे ओढले. एकही सफरचंद फुटलं नव्हतं.