व्हॉल्व्ह काढलेला अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या घरात कधी कुणाच्या अंगात आलं नाही, कुणी लिंबू उतरवून टाकलं नाही. आणि मी तर विजेच्या धंद्यातला माणूस. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी विचारायचो, "ते राहू द्या, करंट कुठून आला ते सांगा आधी." लोक हसायचे. मी मात्र हसवण्यासाठी विचारत नव्हतो. माझी समजूतच तशी होती — आवाज आहे म्हणजे वीज आहे, आणि वीज आहे म्हणजे तिला वाट आहे.

तुमच्या या भुताखेताच्या अनुभवांच्या ग्रुपवर मी चार महिने नुसता वाचतोय. आज सांगतो. नात टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाचा दोष तिला द्या, बाकीचा सगळा मला.

एकसष्टला पानशेतचं धरण फुटलं त्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. देहूरोडच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची खोली! शेजारी गेनुभाऊ शिंपी, किवळ्याचे. मधे फक्त फळ्यांची भिंत, त्यामुळे त्यांचं मशीन मला ऐकू यायचं आणि माझे रेडिओ त्यांना. मिलिटरीच्या डिस्पोजलचा, म्हणजे त्यांनी मोडीत काढलेला माल तिथं मिळायचा, त्यात रेडिओचे व्हॉल्व्ह असायचे. म्हणजे ते काचेचे, बल्बसारखे, आत लालसर पेटणारे. तेव्हा ट्रान्झिस्टर अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता, सगळा आवाज त्या काचांच्या जिवावर. ते मिळतात म्हणून लांबून गिऱ्हाइकं यायची.

मधुकर तसाच आला. नगरकडचा, पिंपरीला नवीन निघालेल्या औषधाच्या कारखान्यात कामाला, चिंचवड स्टेशनजवळ चाळीत बिऱ्हाड. सायकलच्या कॅरिअरला दोरीनं एक जड पेटी बांधून आणली होती.

"मिस्त्री, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. बघता का?"

मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर त्याआधी एकदाच पाहिला होता. ही पेटी कुणी गोरा साहेब जाताना विकून गेला होता. मधुकर हवाइयन गिटार वाजवायचा — मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात लोखंडी सळी धरून ती तारांवरून सरकवत. कारखान्यातल्या गणपतीत त्याचा कार्यक्रम ठरला होता आणि पेटीचा आवाज फाटत होता. तो इतका आनंदानं सांगत होता की मीही गुंतलो. त्यानंतर दोनदा नुसता गप्पा मारायला आला. एकदा मला घरी जेवायला नेलं. त्याची बायको सुमन, मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊजी. माझं लग्न व्हायचं होतं, गावापासून लांब होतो... अशा माणसाला एका ताटाचं किती वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

व्हॉल्व्ह मिळायला दोन आठवडे लागले. एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास कामाला बसलो. आवाज मोठा करून स्पीकरला देणारे दोन व्हॉल्व्ह असतात, ते दोन्ही मी काढून टेबलावर ठेवले होते. पेटी चालू होती, कारण मला सॉकेटवरचं व्होल्टेज मोजायचं होतं. गिटार जोडलेली नव्हती. आता हे नीट समजून घ्या — ते दोन व्हॉल्व्ह नसताना स्पीकर मुका असतो. हे अ‍ॅम्प्लिफायर कधीकधी रेडिओ पकडतात, मला ठाऊक आहे. पण पकडलेला आवाजही त्या दोन काचांतूनच बाहेर पडतो. त्या माझ्यासमोर टेबलावर होत्या.

आणि स्पीकरमधून बाई ओरडली.

"अहो, सळी सोडा! सोडा ना ती!" आणि लगेच, "माई, तुम्ही हात लावू नका!"

स्पष्ट. अगदी खोलीत उभं राहून ओरडावं तसं. मी दचकून बटण बंद केलं. हातातला मीटर खाली पडला. पलीकडं गेनुभाऊंचं मशीन थांबलं.

"मिस्त्री, कोन बाई वरडतीया ओ? काय झालं?"

"काही नाही, रेडिओ आहे."

"न्हाई, आमाला वाटलं कुनाला लागलं का काय."

म्हणजे माझ्या कानांचा भास नव्हता. मी दुकानातले सगळे रेडिओ पाहिले, एकही चालू नव्हता. मग मनाशी म्हटलं, कुठलं तरी नाटक लागलं असेल, कसं तरी आत शिरलं असेल. न पटणारं उत्तर होतं, पण तेच घेऊन मी कामाला लागलो. नवे व्हॉल्व्ह बसवले. पेटीच्या पत्र्यावर, गिटार जोडायच्या जागेवर कुठं वीज उतरतेय का ते तीनदा तपासलं. कुठंच नाही. शपथेवर सांगतो, नव्हती.

मधुकर शुक्रवारी न्यायला आला. त्याला त्या आवाजाचं सांगावं असं तोंडावर आलं होतं. पण तो इतका खूश होता! आणि मी काय सांगणार, राव? तुमच्या पेटीत बाई ओरडते? एवढंच म्हटलं, "पायाखाली लाकडी पाट घेऊन वाजवत जा." विजेची वस्तू हाताळणाऱ्या सगळ्यांनाच मी हे सांगायचो.

"रविवारी दुपारी घरी या ऐकायला," तो म्हणाला. "पहिलं गाणं तुमच्यासाठी."

रविवारी गेलो. त्याची आई, म्हणजे माई, त्याच दिवशी सकाळी नगरहून आली होती, गणपतीतला कार्यक्रम ऐकायला म्हणून. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. चहा झाला, एक कप सांडला, वहिनींनी फरशी पुसून घेतली. मधुकर खुर्चीवर बसला. पाट घेतला नाही आणि मीही आठवण केली नाही. दाराशेजारच्या बोर्डात वायर मीच लावली आणि तिथंच उभा राहिलो.

पहिलं गाणं त्यानं असं वाजवलं की माई पदरानं डोळे पुसायला लागल्या. दुसरं सुरू केलं. मध्येच पेटी घुमायला लागली आणि सूर एकाच जागी अडकला. त्याची मान मागे गेली. सळी धरलेली मूठ तारांवर घट्ट आवळली गेली होती. तोंड उघडं, पण आवाज नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या ओरडल्या —

"अहो, सळी सोडा! सोडा ना ती!"

आता जे सांगतोय ते मी आयुष्यात फार थोड्यांना सांगितलंय. बोर्ड माझ्या हाताशी होता. वीतभर अंतरावर. मला फक्त बटण बंद करायचं होतं. आणि मी उभा राहिलो. कारण ते वाक्य मी ऐकलं होतं. तोच आवाज, तोच हेल. माझं डोकं एका जागी गोठलं, आणि मी... मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. येतंय का, तेच येतंय का, एवढंच डोक्यात.

म्हातारी मुलाकडे धावली.

"माई, तुम्ही हात लावू नका!"

तेव्हा माझा हात हलला.

किती वेळ गेला असेल? तीन सेकंद, चार. पण मधुकर गेला होता. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी काही सांगता येत नाही, हृदय कमकुवत असेल तर क्षणातही होतं. वीज कंपनीच्या माणसानं पेटी उघडून तपासली. त्यालाही दोष सापडला नाही. "मिस्त्री, तुमच्या कामात खोट नाही," तो म्हणाला. कारखान्यातली माणसं उलट माझ्याच पाठीवर हात ठेवून गेली, कारण बटण मी बंद केलं होतं. माईंना मी वाचवलं म्हणे!

दिवाळीनंतर वहिनी दुकानात आल्या. चाळीतली खोली सोडून नगरला चालल्या होत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"भाऊजी, एक विचारू? तुम्ही बोर्डापाशीच होतात ना?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण गेले दोन महिने मला झोप नव्हती. मी सगळं सांगितलं. बुधवारची सकाळ, काढलेले व्हॉल्व्ह, दोन्ही वाक्यं, आणि रविवारी मी कशाची वाट पाहत थांबलो तेही. मला वाटलं, त्या वेडा म्हणतील. किंवा अंगावर येतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "मी दुसरं काही ओरडले असते तर? तुमचं नाव घेऊन ओरडले असते, तर तुम्ही हलला असतात का?"

"हो, वहिनी," मी म्हटलं. "हललो असतो."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. ते उत्तर मी का दिलं, मला माहीत नाही. खरं होतं म्हणून दिलं. पण त्या बाईच्या उरलेल्या जन्मावर मी काय ठेवून दिलं, ते त्या बाजारातल्या गर्दीत दिसेनाशा झाल्यावर माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांनी पत्ता काढून नगरला गेलो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सासूला घेऊन कुठंतरी गेली, सांगून गेली नाही.

दुकान मी अपघाताच्या पुढच्याच वर्षी गेनुभाऊंना दिलं होतं आणि आकुर्डीच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो. नंतर पुष्कळ इंजिनिअर भेटले. कुणी म्हणालं, तुम्ही व्हॉल्व्ह काढलेच नसतील, आठवणीत गोंधळ झाला असेल. कुणी म्हणालं, अपघातानंतर तुमच्या मनानं आधीचं रचलं. मग गेनुभाऊंनी काय ऐकलं होतं, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. देवाधर्माच्या माणसांनी सांगितलं की तो इशारा होता. इशारा असेल तर तो इतका अपुरा का द्यावा? नाव नाही, दिवस नाही, नुसत्या दोन ओळी... आणि त्याच ओळींनी ऐन वेळी माझे हात बांधावेत?

मी नव्वदीला आलोय. ते जे काही आलं, ते मधुकरला वाचवायला आलं होतं की मला अडवायला, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. अजून कुणी सांगितलेलं नाही.