चूळ भरायचं निमित्त

कळंबात कुणाच्या पोरीचं जमवायचं असलं की आधी सखातात्याला बोलावणं जाई. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस! मुलाकडचे ओटीवर पोहे पुढे करून गोडगोड बोलत, तात्याचं ध्यान मात्र भलतीकडे. चूळ भरायचं निमित्त काढून तो हळूच मागल्या दारी जायचा. "ओटीवर काय, सगळेच साळसूद रं! घर बघायचं तर मागून बघावं," असं तो चारचौघांत ऐटीत सांगायचा. त्याचा अंदाज कधी चुकत नसे.

शेजारच्या नामाच्या माधवीला स्थळ आलं ते खालापूरकडचं. मुलगा रसायनीला कंपनीत पर्मनंट. तात्या रिवाजाप्रमाणे मागल्या दारी गेला. तिथं मोठी सून भांडी घासत होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तसा पदर घसरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ दिसले. तिनं पदर सावरला नाही, नुसतं तात्याकडे बघत राहिली. तात्यानं चूळ भरली, पुढे आला आणि नामाला म्हणाला, "घर चांगलं हाय."

आता काय म्हणावं या शहाण्याला! स्थळ त्यानंच आणलेलं. आपणच आणलेलं आपणच मोडलं, तर लोक हसतील ना! थोरला मारतो म्हणून धाकटाही मारेल असं थोडंच आहे, अशी त्यानं घरी येईस्तोवर मनाची समजूत घातली.

आठ महिन्यांत माधवी माहेरी आली, ती कायमची. डाव्या कानानं ऐकू येईना. नामा उलट तात्यालाच धीर देऊ लागला, "तुमचा काय दोष, तात्या? तिचं नशीबच तसलं." त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तात्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो नामाच्या घराकडची वाटच चुकवू लागला.

शेवटी राहवेना, तेव्हा एका दुपारी गेला. नामा शेतावर होता. माधवीनं पाणी आणलं. तात्यानं तांब्याला हात लावला नाही.

"पोरी, मी बघितलं होतं गं. तिच्या हातावरचे वळ. आणि गप बसलो."

"ठाव हाय, तात्या. जाऊबाईंनी सांगितलं मला," माधवी म्हणाली. "तुमचं नाव त्या ऐकून होत्या. तुमी मागल्या दारी येणार म्हणून पदर त्यांनी मुद्दाम सोडला. तुमी गेल्यावर दिवसभर खुशीत होत्या म्हणे. एक पोर तरी वाचली, म्हणून."