शाळेला टाळं लावायचं ठरत होतं तेव्हा

आमच्या वाडीवरची शाळा सातवीपर्यंतच आहे. खेडहून निघालेली एसटी डोंगराच्या पायथ्याशी येऊन वळते, तिथून पुढे ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडून चढण चढायची. मी त्याच शाळेत शिकले. आठवीपासून खालच्या गावातल्या हायस्कुलात जाऊ लागले. दहावीला विज्ञानात मला चांगले गुण मिळाले होते. पण अकरावी सायन्स करायचं तर खेड नाहीतर चिपळूण गाठायला हवं, आणि आमची सकाळची गाडी कॉलेज सुरू झाल्यावर पोचायची. बाबा मुंबईला एका ऑफिसात शिपाई होते, गावकीच्या, म्हणजे गावातल्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचे. ते म्हणाले, "तिथं खोली घेऊन द्यायची तर तुझ्याबरोबर राहणार कोण? आई आली तर इथली शेती कोण बघणार?" त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. मी आर्ट्सला गेले, कारण खालच्या गावात तेवढंच होतं. पुढे कित्येकांनी मला विचारलं, "आर्ट्सची आवड होती का?" मी "हो" म्हणायचे. एसटीच्या वेळापत्रकाची गोष्ट दरवेळी कोण सांगत बसणार!

बारावीनंतर रत्नागिरीला हॉस्टेलवर राहून डी.एड. केलं. दोन वर्षं काढली की नोकरी, असं आमच्या आधीच्या मुलींच्या बाबतीत झालं होतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा भरती थांबली होती. पुढच्या वर्षी होईल, निवडणुकीनंतर होईल, असं ऐकत ऐकत मी लोटे एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लागले. कंपनीची बस हमरस्त्यावरून न्यायची. माझ्या एका बाजूला उभी राहणारी मुलगी बीएस्सी झालेली होती, दुसऱ्या बाजूची बीकॉम. आमच्या टेबलावर पदव्या पुष्कळ होत्या आणि काम मात्र एकच, पिशवीचं तोंड नीट बंद झालंय का ते बघायचं. सुरुवातीला आम्ही एकमेकींना शिक्षण विचारायचो. नंतर ते बंद झालं.

अशातच आमच्या वाडीवरच्या शाळेतले एकुलते एक गुरुजी बदली होऊन त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. शेजारच्या गावच्या बाई एक दिवसाआड यायच्या. त्या यायच्या नाहीत त्या दिवशी मुलं शाळेच्या पडवीत बसून खेळायची आणि जेवण झालं की घरी जायची. मग जिल्ह्यात ठिकठिकाणी स्थानिक डी.एड. झालेल्यांना तात्पुरतं घ्यायचं ठरलं. शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे वाडीतलेच एक काका, आमच्याकडे आले.

"शिकवशील काय?" त्यांनी विचारलं. "कायम माणूस येईपर्यंत. मग मात्र उठावं लागेल, आधीच सांगून ठेवतो."

आई म्हणाली, "कंपनीतली जागा गेली तर परत मिळायची नाय." तिचं म्हणणं बरोबर होतं. तरी मी दुसऱ्याच दिवशी कंपनीत सांगून टाकलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मी आजही म्हणेन. पहिली ते सातवी मिळून एकच खोली, आणि तिच्यात मी. मोठ्यांना गणित घालून द्यायचं, छोट्यांना अक्षरं गिरवायला बसवायचं, मधल्यांना परिसराचा पाठ शिकवायला शाळेमागच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर न्यायचं. एकदा मी सगळ्यांना विचारलं, "मोठेपणी तुम्ही कोण होणार?" पहिला म्हणाला, "मुंबैला जानार." त्याच्या मागचा म्हणाला, "मी पन." तिसरी म्हणाली, "मी पुन्याला, आत्येकडं." मी प्रश्न फिरवून विचारला, तरी उत्तरं तीच. कोण होणार असं विचारलं की ती कुठे जाणार ते सांगायची. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या घरातून गेलेल्या माणसांचं ठिकाण त्यांना माहीत होतं, काम कोणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. मलाही लहानपणी बाबा "मुंबईला" असतात एवढंच ठाऊक होतं.

एकटी सहावीतली मुलगी वेगळं बोलली. "बाई, बल्ब पेटतो तेव्हा आत काय होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हे माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे का?" ती म्हणाली, "नाय. पन हे ज्याला कळतं, तो कोन असतो?" बौद्धवाडीतली ही मुलगी. तिचे वडील मुंबईत वॉचमन, आई घरची थोडी जमीन बघून लोकांच्या शेतावर जाणारी. शाळेत एक विजेचं खेळणं होतं, सेल आणि तारा जोडून दिवा लावायचं. ते खोक्यात पडून होतं. मी ते तिच्या हातात दिलं. तिने सेल उलटे घालून पाहिले, तार ओली करून पाहिली, मग पहिलीतल्यांना गोळा करून त्यांना समजावू लागली. मला सायन्स का घेता आलं नाही, याचा विचार मी किती वर्षांत केला नव्हता. त्या दुपारी केला.

दुसरं वर्ष सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा कायम शिक्षकाची नेमणूक झाल्याचं कळलं. घाटावरचे, लांबच्या दुष्काळी तालुक्यातले एक तरुण सर यायचे होते. वाडीत कुजबुज सुरू झाली. बाहेरचा माणूस येणार, तीन-चार वर्षं काढणार आणि बदली घेऊन जाणार, पुन्हा शाळा रिकामी. हे सगळ्यांनी आधी बघितलेलं होतं. अध्यक्ष काकांनी शाळेच्या पडवीत बैठक बोलावली. मलाही बोलावलं.

"आपण टाळं लावू," काका म्हणाले. "आपल्या पोरीला कायम करत नाहीत तोवर शाळा उघडायची नाय. पेपरवाल्यांना बोलावू. आपली पोरं शिकून घरी बसायची आणि बाहेरचे येऊन नोकऱ्या करायचे, हा कुठला न्याय?"

बायकापुरुषांनी माना डोलावल्या. मी खाली बघत बसले होते. खरं सांगायचं तर त्यांनी टाळं लावावं असं मला वाटत होतं. नियमाने मला कोणी कायम करणार नव्हतं, कंपनीत असताना दिलेल्या शिक्षकभरतीच्या परीक्षेत माझे गुण कमी पडले होते, हे मला माहीत होतं. तरी कोणीतरी माझ्यासाठी एवढं करायला निघालंय, याचंच मला बरं वाटत होतं.

कडेला त्या मुलीची आई बसली होती. ती बैठकीत कधी बोलायची नाही. ती म्हणाली, "मी एक बोलू काय?"

"बोल ना," काका म्हणाले.

"टाळं लावायचं म्हंजे सायबाला कायच होनार नाय. तो खेडला बसलाय. बाहेर बसतील ती पोरं." ती थांबली. "शाळेच्या बाहेर बसून शिकायचं कसं असतं ते माझ्या आज्यानं सांगितलंय आमाला. आतलं ऐकू यायचं, फळा दिसायचा नाय. आता आमची पोरं आत बसतात. त्यांना परत बाहेर काडायला मी हो म्हननार नाय. बाईंवर माझा राग नाय. माझी पोरगी बाईंचंच नाव घेते."

अध्यक्ष काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा आजाही त्याच शाळेत शिकला होता, आत बसून. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तुझं काय म्हणणं?"

मला वाटतं, मी "टाळं लावा" म्हटलं असतं तर त्यांनी लावलं असतं. मी म्हटलं, "या काकी म्हणतात ते बरोबर आहे. येऊ द्या त्यांना." घरी येऊन मी खूप रडले, आणि आईने मला रडू दिलं.

सर आले ते पाठीवर सॅक आणि हातात गादीची वळकटी घेऊन. मी त्यांना कपाटाच्या किल्ल्या दिल्या, कोणतं मूल कुठवर आलंय ते सांगितलं. मुलं त्यांचं बोलणं ऐकून एकमेकांकडे बघत होती. "माझे वडील रानात असतात," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले, तर तिसरीतल्या एकाने घाबरून विचारलं, "वाघ नाय काय थंय?" त्यांच्याकडे शेताला रान म्हणतात, आमच्याकडे रान म्हणजे जंगल. मी सांगितल्यावर सर हसले आणि म्हणाले, "मॅडम, मला आणखी थोडे दिवस मदत कराल का? मला यांचं अर्धं कळत नाही."

मी जात राहिले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बोलायचो. मला वाटलं होतं, माझी जागा घेणारा माणूस मला आवडणार नाही. पण तेही नोकरीसाठी माझ्याइतकीच वर्षं थांबले होते. पुण्यात एका अभ्यासिकेत, कॉट भाड्याने घेऊन. "माझ्यासोबतचे अजून तिथंच आहेत," ते म्हणाले. "गावाकडं जायला तोंड नाही, म्हणून परीक्षा देत राहतात. तुम्ही अभ्यास कुठं करत होता?"

"कंपनीतून आल्यावर. आमच्याकडे मोबाईलला रेंज वरच्या माळावर येते. सराव परीक्षा तिथे बसून द्यायचे."

ते डब्याचं झाकण लावू लागले. मग म्हणाले, "ताई, मग आपली परीक्षा एकच कशी म्हणायची?" त्यांच्या बायकोनेही डी.एड. केलं होतं आणि ती तिकडे घरी होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. बदलीसाठी ते अर्ज करणार होतेच. त्याबद्दल मला त्यांना बोल लावता आला नाही.

मला पुढे लोट्याजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायला घेतलं. अजून तिथेच आहे. कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांची मुलं तिथे येतात. ती हुशार आहेत, गोड आहेत. मोठेपणी काय होणार ते ती पाचवीतच सांगतात आणि त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते तेही सांगतात. त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. कोणीतरी त्यांच्याशी जेवताना या गोष्टी बोलतं, एवढाच फरक. एवढाच म्हणते, पण तो पुरतो.

सातवीनंतर त्या मुलीला तिच्या आईने चिपळूणजवळ अलोऱ्याला मावशीकडे ठेवलं. कोयना प्रकल्पासाठी तिथे कॉलनी झाली, इंजिनियर आले, म्हणून शाळा, वाचनालय, मैदान सगळं आलं. आता कॉलनीतले पुष्कळ लोक निघून गेलेत, क्वार्टरांवर झाडं उगवलीत, तरी शिक्षणाचं वळण राहिलंय. तिला निवडून देण्यासारखं आमच्या हातात एवढंच होतं, एक मावशी आणि एक जुनी कॉलनी. कोणाला कोणत्या गावी मावशी आहे, यावर आमच्याकडच्या मुलींचं बरंच काही ठरतं.

यंदा ती दहावीत आहे. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, "बाई, अकरावी सायन्स की डिप्लोमा?" मला नीट सांगता येईना. मी सरांना विचारलं, ते अजून वाडीवरच आहेत. त्यांनी चौकशी करून सगळं समजावलं आणि म्हणाले, "फोनवर नको, तिला नेऊन दाखवा." म्हणून एक दिवस मी, ती आणि तिची आई रत्नागिरीला गेलो. आई नवऱ्याकडे मुंबईला कितीदा गेलेली, पण आपल्या जिल्ह्याच्या गावी पहिल्यांदाच येत होती. पूर्ण प्रवासात ती खिडकीतून बाहेर बघत होती. "हे सगळं आपलाच जिल्हा काय?" एकदा तिने विचारलं.

डिप्लोमाच्या कॉलेजातल्या क्लार्कने बसवून सगळं सांगितलं. इलेक्ट्रिकलला किती टक्के लागतात ते ऐकून मुलगी थोडी गंभीर झाली, पण घाबरली नाही. वर्कशॉपच्या खिडकीशी ती बराच वेळ उभी होती. आत मोठ्या बोर्डांसमोर मुलं काम करत होती, त्यात दोघी मुली होत्या. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नोकरी मिळेल ना बाई, याच्यानं?"

माझ्याकडेही डी.एड. आहे, कंपनीत माझ्या टेबलावरच्या मुलींकडे पदव्या होत्या. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "मिळेलच असं नाही," मी म्हटलं. "पण तुला आतलं कळेल. आर्ट्स घेताना मला कोणी विचारलं नव्हतं, तुला विचारतेय. काय करायचंय?"

"हेच," ती म्हणाली.

तिची आई एवढा वेळ मागे उभी होती. तिला वर्कशॉपपेक्षा मुलींचं हॉस्टेल बघायचं होतं. आम्ही तिकडे गेलो. रेक्टरबाईंनी एक रिकामी खोली उघडून दाखवली. आईने खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला. मग दार लावून आतली कडी घातली, काढली, पुन्हा घातली.

"घट्ट बसते," ती लेकीला म्हणाली. "तू लावून बघ."