सर्वात कमी दराची पेटी

आमच्या मजूर संघटनेचं ऑफिस म्हणजे छत्तीसगढातल्या जुनवानीतली एक खोली. पण हेल्पलाइन खरी चालायची कुरुदहून. तिथे एक ताई राहायच्या. घरात लकवा मारलेली आई, त्यामुळे ताईंना ऑफिसात येणं जमत नसे. म्हणून ऑफिसचा एक फोन त्यांच्या घरी इंटरनेटवरून जोडून दिला होता. कारखान्यात ठेकेदार बदलला की जुने मजूर बाहेर फेकले जातात. त्यांचे फोन ताई घ्यायच्या. मी पत्रकं लिहिते, गेटवर घोषणा देते. समोरच्याचं रडणं संपेपर्यंत ऐकत बसणं मला जमत नाही. ताईंना जमायचं. मानधन थोडंसंच, पण त्या घरात दुसरं काही येतच नव्हतं.

मग कुणीतरी भामटे इंटरनेटवरून आमच्या ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शिरले, परदेशात कॉल केले आणि बिल आमच्या गळ्यात टाकून गेले. एक्स्चेंज असं उघड्यावर ठेवायचं नाही, मध्ये एसबीसी लावायची, असं ठरलं. एसबीसी म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलर. बाहेरून येणारा फोन आपला की चोराचा हे तपासणारी पेटी. घरच्या राउटरमागे बसून बोलणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे पोचतो की नाही, हेही तिनंच पाहायचं. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण कमिटीत कॉम्प्युटरला हात लावणारी मीच.

फुकटचं सॉफ्टवेअर होतं, आपल्याच जुन्या कॉम्प्युटरवर चाललं असतं. पण त्याच्याकडे सतत लक्ष देणारा माणूस हवा, तो आमच्याकडे नव्हता. एक पेटी मधल्या दराची, तिच्यात घरच्या फोनांची सोय धरलेली. आणि एक सगळ्यात स्वस्त. तिच्या विक्रेत्याला मी एकच विचारलं, घरून बोलणाऱ्या फोनसाठी वेगळं लायसन्स लागतं का? तो म्हणाला, "हो जाएगा मॅडम, टेन्शन मत लो." असं उत्तर मिळालं की समजावं, काही होणार नाही.

आमचे अध्यक्ष काका कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी सरळ सगळ्यात खालच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे घ्या."

"काका, यात ताईंचा फोन धरलेलाच नाही."

"अवं पोरी, मी जिंदगीभर टेंडर उघडले. कमीवाला सोडून दुसरा घेतला तर उद्या लोक मलेच विचारतीन, कमिशन कोणं खाल्लं?"

"ठेकाही असाच कमीवाल्याला देतात ना? मग तो मजुराच्या ताटातून काढून घेतो. हेच तर आपण छापतो!"

"पर्च्यावरची भाषा मीटिंगमध्ये नको आणू."

बाकीचे हसले. सगळे त्याच कारखान्यात घडलेले, सगळे सज्जन. एकानंही कधी पैसा खाल्ला नाही, खाणारही नाहीत, आणि इथेच पंचाईत आहे. आपण स्वच्छ दिसावं याची त्यांना एवढी काळजी, की वस्तू कामाची आहे का, हे कोणी विचारत नाही. मतदान झालं. माझा एकटीचा हात खाली.

पेटी बसली. चोर थांबले, खोटं कशाला बोलू? पण कुरुदला ताई "हॅलो, बोला ना" म्हणत राहायच्या. त्यांचं पलीकडे ऐकू जायचं, पलीकडचं त्यांना नाही. आता विक्रेता म्हणाला, घरके फोन का लायसन्स तो अलग से लगेगा. काका पुन्हा खर्च करायला तयार नाहीत.

"तिच्या घरचं नेटच बेकार असन. तिले म्हणा, ऑफिसात येऊन बस."

"आणि आईला कोण बघणार?"

"थे तिचं ती पाहून घेईन."

फोन परत आणायला मलाच पाठवलं. ताईंनी वायर नीट गुंडाळून ठेवली होती.

"भांडली का माह्यासाठी?"

"भांडले."

"हारली न?"

"हो."

"मंग चहा घे." त्या हसल्या. "मले तं वाटे, मीच बहिरी होऊन राहिली. मायले विचारू, माय, माहं बोलणं तुले ऐकू येते का? थे मान हलवे. म्हणलं, चला, दोघीतून एक तं शाबूत आहे."

त्यांची आई खाटेवरून माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. मी चहा अर्धा टाकून निघाले.

त्याच आठवड्यात ऑफिसातला फोन मी उचलला. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये झाडू मारणारी बाई होती. ठेका बदलला आणि तिला काढलं. छत्तीसगढीत म्हणाली, कुरुदवाल्या दीदीला द्या, त्यांना माझं सगळं ठाऊक आहे. मी म्हटलं, दीदी आता इथे नाहीत.

"काबर?"

का म्हणून? 'नेट खराब आहे' असं सांगायचं कमिटीत ठरलं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

"हमने हटा दिया," मी सांगितलं. "सस्ता पड़ा."



"तुमन घलो?"

तुम्हीपण? एवढंच विचारून तिनं फोन ठेवला.